सी, डी आणि तात्या

"वाटे त्रिशला पाडेल," तात्या म्हणाले. "पण उचलेल ऋजुता. आधी."

"तात्या, हा कॉम्प्युटर आहे, शेत नाही." माझा दीर सन्मती टेबलाखाली पालथा पडला होता, त्यामुळं त्याचा आवाज वायरींच्या गुंत्यातून गाळून येत होता. "जागा संपली होती म्हणून दुसरी डिस्क बसवली. आता दोन ड्राइव्ह झाले. जुना सी, नवा डी. थोडे फोल्डर उचलून तिकडं टाकायचे, झालं. पाच मिनिटांचं काम."

"दोन झाले ना?"

"झाले."

"माणसंपण दोन आहेत ना?" तात्यांनी माझ्याकडं आणि माझी धाकटी जाऊ ऋजुता हिच्याकडं आळीपाळीनं असं पाहिलं, की आता आमच्या मधोमध खुंटी ठोकणार. "मग वाटणी आली. आणि पाच मिनिटांची वाटणी मी जन्मात पाहिली नाही."

तात्या म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी मोजणीदार म्हणून केलेली. भाऊभाऊ वेगळे व्हायला निघाले की हे साखळी घेऊन मध्ये उभे. मोठ्या भावानं वाटे पाडायचे आणि लहान्यानं हवा तो आधी उचलायचा, हा नियम ते सगळीकडं लावत. आपल्या पदरात कुठला पडेल ते ठाऊक नसल्यामुळं मोठा भाऊ वाटे अगदी कसोशीनं सारखे पाडतो, असं त्यांचं म्हणणं. घरातही तेच. हापूसची फोड असो, दिवाळीचे फटाके असोत की गच्चीवर झोपायची जागा असो. माझा नवरा भरतेश थोरला, त्यामुळं आंबा कापताना त्याचा हात आजही सोनारासारखा चालतो.

जयसिंगपुरातल्या त्या घरात तेव्हा एकच कॉम्प्युटर होता. दिवाणखान्यात खिडकीपाशी, मी जुन्या साडीतून शिवलेलं झबलं घालून बसलेला. त्यात दोन मोठे फोल्डर होते, 'त्रिशला' आणि 'ऋजुता'. 'त्रिशला'च्या आत मुलांचे प्रकल्प, माझी वाणसामानाची चिठ्ठी, माहेरचे फोटो, आणि त्यांच्या शेजारी 'तात्या'. तात्यांनी सांगितलेल्या मोजणीच्या गोष्टी मी त्यात टाइप करून ठेवत असे. ऋजुताच्या फोल्डरात तिच्या लग्नाचे, महाबळेश्वरचे आणि पुण्याच्या झाडून सगळ्या मैत्रिणींचे फोटो होते. कॉम्प्युटर 'जागा कमी आहे' म्हणून कोकलायला लागला तो त्यांच्यामुळं. हे मी कुणाला बोलले नव्हते. पण नोंद घेतली होती. माणसं कशाकशाचा हिशेब ठेवतात; मी कोण कुणाकडं किती वेळ बघतं, त्याचा ठेवते.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. पहिल्या दिवसापासून घर मला विचारायला लागलं. मीठ कुठाय, टॉवेल कुठाय, लाइटबिल भरलं काय, भरतेशचे मोजे कुठं गेले. विचारायचे सगळे. सांगायला कुणी यायचं नाही. आणि मग तात्या निवृत्त झाले, आणि एका दुपारी चहा घेता घेता म्हणाले, "त्रिशला, तुला एका विहिरीची गंमत सांगू काय?" त्या दुपारपासून जेवणं उरकली की मी कॉम्प्युटरचं झबलं काढायची, तात्या झोपाळ्यावर बसायचे आणि मी दोन बोटांनी टकटक करायची. माझं एक वाक्य होईपर्यंत ते एक शेंग सोलून खायचे. दिवसातला तो एक तास घरात कुणाला काही सापडलं नाही तरी चालायचं.

मग ऋजुता आली. ती कळांकडं न बघता टाइप करते. दहाही बोटांनी. मी चुलतभावाच्या लग्नाला माहेरी गेले आणि परत येऊन बघते तो 'तात्या'मध्ये इतकी पानं वाढलेली, की मला अख्खा पावसाळा लागला असता.

"अगं, मी बोलायचा थांबलो की हिचं टाइप पण थांबलेलं असतंय!" तात्यांनी मला दारातच सांगितलं. माझ्या हातात अजून पिशवी होती. "आगगाडीसारखी!"

"छान," मी म्हटलं.

तेव्हापासून दुपार तिची झाली. कुणी तसं ठरवलं नाही. मी भांडी आवरून येईपर्यंत ती खुर्चीत बसलेली असायची, एवढंच. आणि माझ्या फोल्डरातून, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातून चालत जाऊन देवघरात बसावं तशी, रोज 'तात्या' उघडायची. मी आत कणीक तिंबत तिच्या कळांचा आवाज ऐकायची. कणकेनं त्या वर्षी फार सोसलं.

म्हणून वाटे पाडायचं काम माझ्याकडं आलं तेव्हा मी ते फार मन लावून केलं.

रविवारी नाश्त्यानंतर सगळे दिवाणखान्यात जमले. भरतेश पेपर घेऊन, सन्मती माऊस घेऊन, तात्या झोपाळ्यावर. ऋजुता जमिनीवर मांडी घालून बसली होती, केस ओले, हातात पोह्यांची बशी.

"पहिला वाटा," मी म्हटलं, "नवा डी. सगळाच्या सगळा मोकळा. कितीही फोटो ठेवा, व्हिडिओ ठेवा. कुणाची अडगळ नाही."

"सुरेख," सन्मती म्हणाला.

"दुसरा वाटा, जुना सी. त्यात विंडोज आहे, यांच्या दुकानाचे हिशेब आहेत, मुलांचे खेळ आहेत. जागा बेताचीच. आणि तात्यांच्या गोष्टी आहेत तिथंच सीमध्ये राहतील." मी टीपॉयवरचा एक डाग बोटानं घासला. "ज्याच्याकडं सी, त्याच्याकडं त्या. म्हणजे पुढं लिहायचं कामपण."

झोपाळा थांबला.

"लिहायचं काम पण वाट्यात धरलंस?" तात्या म्हणाले.

"कुठंतरी धरायला हवंच ना, तात्या. नाहीतर हिला दोन्हीकडं धावपळ."

"असू दे की," तात्या म्हणाले, आणि झोपाळा पुन्हा हलला.

मला खात्री होती. पुण्याची मुलगी, नवं लग्न, फोटोंची हौस. समोर कोरी करकरीत जागा. कोण सोडेल?

ऋजुतानं बशी खाली ठेवली. ती स्क्रीनकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"मला सी," ती म्हणाली.

"अगं, आणि फोटो?" सन्मती म्हणाला.

"थोडे काढून टाकीन. महाबळेश्वरचे नाहीतरी सगळे सारखेच आहेत. धुकं आणि तू."

भरतेश हसला. पेपरच्या वरून मला म्हणाला, "वा! तुला तर नवा कोरा मिळाला की! नशीबवान आहेस." नवऱ्यांना नेमकं कुठल्या वेळी तोंड उघडू नये हे कळत नाही. हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच लिहून टाकलं होतं.

मी शेंगदाणे भाजायला आत गेले. मागून सन्मतीचा आवाज आला, "वहिनी, तुमचं सामान डीमध्ये हलवतोय हं!"

"हलव."

दारातून स्क्रीन दिसत होता. एका फोल्डरातून कागद उडत होते आणि दुसऱ्या फोल्डरात जाऊन पडत होते. एकामागून एक, घाई नाही, गडबड नाही. सासरी पाठवणी करावी तसे. मी उभी राहून बघत राहिले आणि शेंगदाणे जळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम गच्चीवर गेले. वाळवणात करण्यासारखं काही नव्हतं, तरी हलवत बसले. खालून किंकाळी आली.

"ताई! ताई, तात्या गेले!"

मी जिना कशी उतरले मला आठवत नाही. दिवाणखान्यात ऋजुता कॉम्प्युटरसमोर उभी, दोन्ही हात डोक्याला लावलेले. आणि झोपाळ्यावर तात्या, तोंडात बडीशेप.

"अजून नाही गेलो गं," ते म्हणाले. "घाबरू नको. ही सीमध्ये शोधालीया मला."

सीमध्ये 'तात्या' नव्हता. 'त्रिशला'च नव्हती, मग तिच्या आतला 'तात्या' कुठून असणार? मी पुढं होऊन डी उघडला. 'त्रिशला'. आत मुलांचे प्रकल्प, वाणसामानाची चिठ्ठी, माहेरचे फोटो, आणि शेजारी, जसे कधी जागचे हललेच नव्हते तसे, तात्या. सन्मतीनं घर उचलून नेलं होतं आणि आतलं माणूस बघितलंच नव्हतं.

मी चेहरा सरळ ठेवायचा खूप प्रयत्न केला. जमला नसावा.

"तुम्ही नेलंत," ऋजुता म्हणाली.

"मी हातसुद्धा लावलेला नाही. तुझ्या नवऱ्यानं हलवलं. माझ्या आत होते, माझ्याबरोबर आले. झाडाचा बुंधा ज्याच्या हद्दीत, झाड त्याचं. विचार हवं तर तात्यांना."

"मला मध्ये घेऊ नका," तात्या म्हणाले, "मी झाड आहे."

"ताई, वाटा मी उचलला होता. सीमध्ये तात्या आहेत म्हणून उचलला होता. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात."

"पण तुला फोटोंना जागा हवी होती ना? तुझ्या सोयीसाठीच तर मी..."

"माझ्या सोयीसाठी?" ती एवढीशी मुलगी, पण त्या क्षणी उंच वाटली. "तुम्ही मला फोटोंसकट बाहेरच्या खोलीत काढत होता, ताई. खोली मोठी होती, मान्य. पण बाहेरची होती. मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला?"

तिनं बेरीज बरोबर केली होती.

"आणि तुम्हाला कमी काय आहे हो?" तिचा आवाज फाटायला लागला. "घर तुमचं. मुलं तुमची. बाई कामाला येते ती तुम्हाला विचारते, दूधवाला तुम्हाला विचारतो. मी या घरात काय करते? मला ही एक दुपार आहे. आणि तीसुद्धा... तात्या सांगता सांगता मध्येच थांबतात. म्हणतात, इथं त्रिशला हसते. आणि माझ्याकडं बघत राहतात. मग मी हसते. तर म्हणतात, तसं नाही."

तात्या बडीशेप चावायचे थांबले.

ते वाक्य मी पुढं किती दिवस खडीसाखरेसारखं जिभेवर घोळवलं, ते माझं मला माहीत. इथं त्रिशला हसते. पण तेव्हा तिच्याकडं बघताना मला एक विचित्र गोष्ट दिसली. कुणाच्या कळांचा आवाज भिंतीआडून ऐकत कणीक तिंबताना माझा चेहरा कसा दिसत असेल, याची मला कधी कल्पना नव्हती. तो समोर उभा होता. माझ्यापेक्षा तरुण, आणि पुण्याच्या उच्चारांचा.

तरी मी फोल्डर परत सीमध्ये टाकला नाही. हे इथं सांगून ठेवते.

संध्याकाळी सन्मती घरी आला, त्यानं दोघींचं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, कॉपी करा ना! एक इकडं ठेवा, एक तिकडं. भांडताय काय?"

"नको!" आम्ही दोघी एकदम म्हणालो. त्या घरात आमचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट.

"थांबा," तात्या म्हणाले. ते उठून कॉम्प्युटरपाशी आले, चष्मा पुसला. "सन्मती, दोन होतात? अगदी सारखे?"

"हो."

"एकातलं कमी न होता?"

"काही कमी होत नाही, तात्या. हवे तेवढे होतात."

तात्यांनी चष्मा चढवून स्क्रीनकडं पाहिलं. "जमिनीचं असं करता आलं असतं," ते म्हणाले, "तर मी जन्मभर घरी बसलो असतो. कर."

पुन्हा कागद उडाले. सीमध्ये एक तात्या, डीमध्ये एक तात्या. ज्याचं त्याला पोचलं.

दुसऱ्या दुपारी मी झबलं काढलं तेव्हा ऋजुता शेजारी स्टूल घेऊन आलीच होती. दोघी तात्यांकडं बघत बसलो. तात्यांनी शेंगेचं टरफल फोडलं, दाणा तोंडात टाकला.

"काय?" ते म्हणाले.

"गोष्ट," ऋजुता म्हणाली.

"आता माझं काय काम? एक तात्या हिच्याकडं आहे, एक तुझ्याकडं. त्यांना विचारा की."

रागानं म्हणाले नाहीत. पाऊस येणार नाही आज, असं म्हणावं तसं म्हणाले. आणि त्यानंतर त्यांनी गोष्ट सांगायचं बंद केलं. बाकी सगळं बोलायचे. भाजीत मीठ कमी, शेजारच्या गल्लीत खड्डा, सन्मतीचं वजन वाढालंय. गोष्ट नाही.

आता मला नवीनच रोग जडला. मी बाजारात गेले की वाटायचं, तिला सांगत असतील. पिशवी ओट्यावर टेकवायच्या आधी मी दिवाणखान्यात जायची आणि मॉनिटरच्या पाठीवर तळहात ठेवून बघायची. गरम असला तर कुणीतरी आत्ताच बंद केलाय. एकदा मी देवळातून आले तर तिथं आधीच एक हात होता. ऋजुताचा.

ती दचकली. मग तिनं हात काढला नाही.

"गार आहे," ती म्हणाली.

"मी देवळात होते."

"मी मागं कपडे वाळत घालत होते."

दोघींनी एकमेकींवर विश्वास ठेवला. कारण दुसरा पुरावा गार होता.

त्याच आठवड्यात मी तात्यांना चहा द्यायला गेले तेव्हा त्यांनी कप हातात घेऊन मला बसायची खूण केली.

"त्रिशला, तुला माझा नियम अर्धाच ठाऊक आहे."

"कुठला?"

"वाट्यांचा. मोठ्यानं पाडायचे म्हणजे तो सारखे पाडतो, एवढंच मी लोकांना सांगायचो. सारखे कुणी पाडत नाही गं. वाटे पाडताना थोरल्याचा हात एका ठिकाणी सढळ होतो आणि एका ठिकाणी आखडतो. धाकटा जमीन बघतच नसतो. तो हात बघतो. जिथं आखडला, तिथं गोड्या पाण्याचा झरा." त्यांनी चहा बशीत ओतला. "तू डी कसा पातेलं पालथं केल्यासारखा वाढलास. आणि 'तात्यांच्या गोष्टी' म्हणताना टीपॉय पुसालीस."

"मग ऋजुताला हे कसं कळलं?"

"तिला मी सांगितलं होतं. मागंच. टाइप पण केलंय तिनं."

"आणि मला का नाही सांगितलं कधी?"

"सांगायला घेतलं की तू मध्ये काहीतरी बोलून हसवायचीस," तात्या म्हणाले. "राहूनच गेलं."

माझ्याकडं डीमध्ये अख्खा तात्या होता, त्यात ते पानही होतं. मी उघडून वाचू शकले असते. पण तिला तोंडानं सांगितलेलं आणि मी कॉपीतून वाचलेलं, हे सारखं कसं होईल? मी ते पान उघडलं नाही.

मग एका सकाळी उपाध्ये मास्तर आले. समोरच्या घरात राहणारे, आमचा पेपर वाचायला येणारे. त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ते अंदाजानं माना डोलावतात. मी आणि ऋजुता स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. कट्ट्यावरून तात्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा.

"नदीकाठचं गाव, मास्तर. दोघे भाऊ. सगळं वाटलं. घर वाटलं, गोठा वाटला, विहिरीच्या पाळ्या वाटल्या. शेवटी राहिला एक बैल. म्हातारा. कामाचा नाही, पण बापानं वाढवलेला."

ऋजुताचा हात थांबला. "ही मला सांगितलेली नाही."

"मलापण नाही."

"थोरला म्हणतो माझा. धाकटा म्हणतो माझा. आता बैलाचे वाटे पाडणार कसे?"

"हो, हो, महाग झालेत," बाहेर मास्तर म्हणाले.

"त्यांना सांगतायत!" ऋजुता कुजबुजली. "ताई, त्यांना तर एक अक्षर ऐकू येत नाही!"

इतके दिवस मी हिच्यावर जळत होते. आता आम्ही दोघी मिळून एका बहिऱ्या मास्तरांवर जळत होतो. वाया चालली होती, डोळ्यांदेखत, एक चांगली गोष्ट.

ऋजुता उठली ती पळतच गेली. तिनं झबलं ओढून फेकलं. कॉम्प्युटर सुरू व्हायला त्या काळी जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ती त्याला पुण्याच्या शिव्या देत होती. मी खिडकीशी उभी राहिले आणि जे जे ऐकू येईल ते मागं वळून तिला सांगायला लागले. नदीकाठचं गाव. दोघे भाऊ. विहिरीच्या पाळ्या.

"हळू, ताई."

"तू आगगाडी ना?"

बाहेर तात्या म्हणत होते, "दिवस मावळायला आला. मी म्हटलं, असं करा, दावं सोडा. बैल ज्याच्या दारात जाऊन उभा राहील त्याचा. सगळं गाव जमलं. दोघांच्या बायकांनी दारात पेंडीची घमेली आणून ठेवली. धाकटीनं वर गूळ कुस्करला. दावं सोडलं. बैल उठला..."

"बरं, येतो मी," उपाध्ये मास्तर पेपर घडी करत म्हणाले. "गॅसवर दूध आहे." आणि गेले.

तात्या गप्प झाले. गल्लीत कुणीतरी सायकलला पंप मारत होतं. आत कळा थांबल्या. मी खिडकीचा गज धरून उभी होते. ते वळून बघतील असं वाटलं. बघितलं नाही त्यांनी.

शेवटी मला राहवलं नाही. "तात्या, बैल कुठं गेला?"

"कोण विचारतंय?" तात्या रस्त्याकडं बघतच म्हणाले.

"मी," मी म्हटलं.

"मी," ऋजुता आतून ओरडली.

तात्यांनी धोतराच्या सोग्यानं मान पुसली.

"ओढ्याकडं," ते म्हणाले. "तहान लागली होती त्याला. दोन्ही घरांतलं कुणी सकाळपासून पाणी दाखवलं नव्हतं."

मला आधी हसू फुटलं, आणि मग ते मध्येच कुठंतरी अडकलं. मागं वळून पाहिलं तर ऋजुता तोंडावर हात धरून बसली होती. डोळे भरलेले. मग तिनं हात खाली घेतला आणि ते वाक्य टाइप केलं. पहिल्यांदाच हळू, कळांकडं बघून.

"कुठं सेव्ह करू?" तिनं विचारलं.

"डीमध्ये. माझ्या."

"बरं, ताई," ती म्हणाली, आणि सीमध्ये केलं. माझा चष्मा डोक्यावर होता, त्यामुळं तिला वाटलं मला दिसलं नाही.

बाहेर तात्या पाण्याचा तांब्या मागत होते. ऋजुता उठली, त्यांना पाणी दिलं आणि चहा टाकायला आत गेली. मी खुर्चीत बसले. चष्मा खाली ओढला. सीमधून गोष्टीची एक प्रत काढली आणि डीमध्ये ठेवली. मग सीमधल्या गोष्टीवर बाण नेला आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. एक दाबलं की झालं असतं. बैल एकटीच्या दारात.

"ताई," आतून आवाज आला, "तुमच्या चहात आलं घालू?"

"घाल," मी म्हटलं, आणि बोट उचललं.